दुखवट्याचं वर्ष

"दावा रद्द. सहा महिने तुमच्याकडून काहीच हालचाल नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची फाइल ओढली.

सावेता उभीच राहिली. तिच्या घराची एकुलती एक वाट शेजारच्या पांतेलिमोनच्या आलुबुखारांच्या बागेतून जायची. त्यानं कुंपण घालून ती बंद केली, म्हणून तिनं हा दावा लावला होता. तेव्हापासून लुळ्या नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून ओढ्यातून उचलून न्यावं लागे. निकाल लागायच्या आत पांतेलिमोनच वारला.

"प्रतिवादी वारला की सहा महिन्यांच्या आत त्याच्या वारसांची नावं द्यायची असतात. वारस माहीत नव्हते का?"

"होते की, मॅडम. कुंपणापलीकडेच राहतात."

"मग?"

"त्यांच्याकडे दुखवटा होता. वर्ष सरेपर्यंत अशा घरी कोर्टाचा कागद आमच्यात कुणी धाडत नाही. त्याच्या बायकोनं, दोम्निकानं, शवपेटीपाशी माझा हात धरला. म्हणाली, एवढं वर्ष जाऊ दे."

"कायद्यात दुखवटा नसतो, आजी. नवा दावा लावा."

म्हणे नवा दावा लावा! जुना चार वर्षं इथंच कुजला. कधी न्यायाधीश बदलले, कधी कारकून संपावर, एकदा तर छत गळतंय म्हणून तारीख पुढे गेली. त्याला कुणी विलंब म्हटलं नाही. एक बाई माणुसकीपायी थांबली, तो मात्र विलंब. लाज कशी वाटत नाही या लोकांना?

बाहेर व्हरांड्यात दोम्निका उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत. शेजारी तिचा मुलगा तिबेरियू. त्याच्या कोटावर बापासाठी लावलेली काळी फीत होती.

"माझ्याकडे काय बघता, मावशी?" तो म्हणाला. "आम्ही काहीच केलं नाही. आम्ही तर गप्प बसलो होतो."

सावेता त्याला वळसा घालून पुढे झाली. ती दोम्निकाकडे बघत राहिली. दोम्निकानं मान खाली घातली आणि ती हातातल्या रुमालाची उगीचच घडी करत राहिली.

"शनिवारी ह्यांच्या वर्षाचं जेवण आहे," ती शेवटी पुटपुटली. "या दोघंही."

"येऊ की," सावेता म्हणाली. "ह्यांना खुर्चीत बसवून आणते. कुठल्या वाटेनं आणू, तेवढं सांग."