घाटातला खर्रा

सात धबधबे. दोन बोटं. थर्मासमध्ये पातळ वरण. ढगात घुसलेला कडा. बोगदा, आणि बोगद्यात किंचाळणारी पोरं.

काल वाशिमला गाडीत बसलेली हौसाबाई सकाळी कसारा घाटात खिडकीच्या गजांना तोंड लावून बसली होती. कारंज्याच्या मळ्यात साठ वर्षं गेली, एवढा डोंगर कधी पाहिला नव्हता. मुलगा आदर्श मोबाइलवर दरी टिपत होता. नवरा शालिकराम ‘संडासले जाऊन येतो’ म्हणून पुढच्या दाराकडे गेलेला. त्याचं तोंड दोनच बोटं उघडायचं. उद्या मुंबईत गालातली गाठ काढायची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं : तंबाखू सुटली असेल तरच हात लावतो.

तोंडावर थेंब उडाले. धबधब्याचे म्हणून ती हसली. मग वाटलं, पाणी कोमट कसं?

पदराने पुसलं. पदर तांबडा. त्यात सुपारीचा चुरा. तो ओला, चुन्या-तंबाखूचा भपकारा नाकात गेला. वांग्याच्या वाफ्यात मेलेलं कुत्रं सापडलं तेव्हाही अशी शिसारी आली नव्हती.

ती उठली.

शालिकराम दारात उभा होता. एक गाल फुगलेला. मुठीत खर्‍याची पन्नी.

“पाह्यला का वं?” तो तेवढ्याशा फटीतून बोलला. “कसा पडून राह्यला धबधबा!”

“पाह्यला. माह्या थोबाडावर पडला.”

त्याने तिचा चेहरा पाहिला.

“एकच होता वं. आखरीचा.”

“दोन महिन्यांपासून आखरीचाच चालू हाये काय तुमचा? थुका.”

शालिकरामने दरीकडे पाहिलं. हौसाबाईकडे पाहिलं. आणि गिळलं. सगळं. गळ्याची घाटी खाली गेली, वर आली.

“आता काहीच नाही तोंडात,” तो म्हणाला. “पाह्य.” आणि दोन बोटं आ केला.

हौसाबाईने मान फिरवली. बेसिनचा नळ दाबला. पाणी आलं नाही.

“डॉक्टरले सांगशीन काय वं?”

“मा!” आतून आदर्श ओरडला. “लवकर ये, आठवा धबधबा दिसून राह्यला!”

तंबाखू सोडून दोन महिने झाले, असं दवाखान्याने घरी पाठवलेल्या कागदावर मागच्याच आठवड्यात लिहून दिलेलं होतं. त्याखाली सही हौसाबाईची होती.