खुन्याचं नाव

गिरणेच्या काठावर आबांच्या दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळायचा शब्द देऊन झाला, आबांनी स्वखर्चाने छापलेली रहस्यकादंबरी खपवण्याचाही.

“आते काय राही गयं, भाऊ?” नानाकाका पिंडाकडे बघत म्हणाले.

“कादंबरीची जाहिरात तर मी कालच इंटरनेटवर टाकली,” आबांचा मुलगा अभिमन म्हणाला. “सुपरहिरोंच्या सिनेमांच्या चाहत्यांच्या वेबसाइटवर. जगभर वाचतात!”

“काय लिहिलंस?” प्रमिलाने भावाला विचारलं.

“जरूर वाचा. डॉक्टरच खुनी आहे, पण शेवटपर्यंत पत्ता लागत नाही!”

प्रमिला हादरलीच. आबांनी ते नाव मरेपर्यंत आईलाही सांगितलं नव्हतं. तिने हात जोडले.

“आबा, इथून थेट सायबर कॅफेत नेते याला. ते नाव पुसायला...”

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा शिवला.