मेलबर्न ते मुंबई

या, जवळ बसा मायबापहो, एका लेकीची कथा ऐका.

आबांचा देह अंगणात होता आणि काका मोबाइलवर हिशेब मांडत होते. "मेलबर्न ते मुंबई तेरा तास. मुकुंदा रात्री पोचतोच. अग्नी मुलानंच द्यायचा, तोवर थांबू."

आठ वर्षं आबांचं हगणं-मुतणं काढणारी शेवंता उसळली. "काका, विमान काय आपल्या ओढ्यात उतरणार आहे? मुंबईपुढचं अंतर कोण मोजणार? आणि मी इथं उभी आहे, दिसत नाही?"

"अगं, बाईमाणसानं..."

"आबांना उचलून बसवताना बाईमाणूस चाललं की!"

तिनं अग्नीचं मडकं हाती घेतलं. काका मोबाइलच न्याहाळत राहिले. आबांचे टाळकरी मात्र हरिनाम घेत तिच्यासोबत निघाले.

मंडळी, देवापुढं हात जोडाल तेव्हा शेवंतेला विसरू नका.