डावा पाय

मुलगी खांबाला वळसा घालून सुसाट सुटली तशा प्रमिलाताईंनी जोरात टाळ्या वाजवल्या.

"ती नव्हे, तुमची गार्गी पलीकडे बसलीय," खो-खोचे हुलवळे सर म्हणाले.

संघात यायचं तर दुसऱ्याचं पळणं सुईनं टोचून घ्यावं लागे. महिन्यापूर्वी सगळ्या मुलींना एकाच नामांकित खेळाडूची चपळाई टोचली होती. प्रमिलाताईंनीच हौसेनं संमती दिली होती. आता सगळ्या सारख्याच पळत, घरातही सारख्याच चालत.

आधी गार्गी डावा पाय जरा बाहेर फेकायची, थेट तिच्या बाबांसारखा. ते गेल्यापासून जिन्यात तिची पावलं वाजली की प्रमिलाताईंचा हात कामात थबकायचा.

"सर, स्पर्धा झाल्यावर हे काढता येतं ना?"

"नाही हो. नवीन बसलं की जुनं उरत नाही."

घरी येताना आई आपल्या पावलांकडेच बघतेय, हे गार्गीच्या लक्षात आलं. ती चार पावलं पुढे गेली आणि उजवा पाय बाहेर फेकत चालू लागली. मग थांबली.

"आई, बाबा कुठला पाय फेकायचे गं?"