माळ्यावरची खिडकी

"साहेब, खालीच झोपा. गुडघं दुखत्यात ना तुमचं?" केबिनची देखभाल करणारी ठकूबाई म्हणाली.

"बायको गेली. आता तरी मला माळ्यावर झोपू दे," मी खेकसलो.

तळ्याकाठच्या या इवल्याशा लाकडी केबिनमध्ये आम्ही दोघं ओळीनं अकरा वर्षं आलो. माळा कायम हिचाच. सकाळी वरून बातम्या सुरू व्हायच्या. "अहो, बगळे उतरलेत. कोळ्याची होडी निघाली." खाली माझ्यासमोर नुसती भिंत. "चांगली जागा तेवढी बळकावतेस," मी दर वर्षी कुरकुरायचो. ती हसायची.

शिडी चढताना गुडघ्यांनी जीव काढला. वर आडवा झालो. नाकापासून वीतभर अंतरावर पत्रा होता, आणि बाहेरून दिसणारी ती खिडकी आतून फळ्या ठोकून बंद. एक फटसुद्धा नाही.

"ठकूबाई, ही खिडकी कधी बुजवली?"

"पहिल्यापासून तशीच हाय, साहेब," ती खालून म्हणाली. "तुम्ही घोरत असायचे तवा ताई तळ्यावर यायच्या. सगळं बघून घ्यायच्या, नि गुपचूप वर जायच्या. म्हणायच्या, खरं कळलं तर मला खाली झोपवून हे दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः वर चढतील."

पहाटे मी तळ्यावर गेलो. बगळे उतरले होते. परत येऊन शिडी चढलो, पत्र्याखाली आडवा झालो आणि खालच्या रिकाम्या अंथरुणाला हाक मारली, "अगं, बगळे उतरलेत."