नळीवरचं नाव

सुगंधाच्या बाबांनी ओमानमधल्या सूर शहरात तीस वर्षं राहून जुन्या अमेरिकन लांब बंदुकांच्या प्रतिकृती घडवल्या; दस्त्यावरची जर्मन वळणाची वेलबुट्टीसुद्धा हाताने. ते गेल्यावर त्यांची शेवटची बंदूक ती रत्नागिरीला घरी न्यायला निघाली.

मस्कत विमानतळावर अधिकाऱ्याने बंदूक निरखून पाहिली. "सिस्टर, ही अडीचशे वर्षांची आहे. पुराणवस्तू बाहेर जाणार नाही."

"नाही हो, माझ्या बाबांनी केलीय. गेल्या वर्षी."

"मग त्यांचं नाव कुठंय?"

सुगंधाने बंदूक दोनदा फिरवून पाहिली. नळीवर मूळ अमेरिकन कारागिराचं नाव आणि त्या काळचं साल होतं, बाबांच्याच हाताने कोरलेलं.

 

"आपलं नाव घातलं की नक्कल कळते गो, बाय," असं ते हसून सांगायचे.