कुलूपबंद मृत्युलेख

“शास्त्रीबुवा, तुमच्या ब्लॉगवर लिंक दिलेला तो मृत्युलेख उघडत नाही. पेपरवाले वर्गणी मागतात,” फोनवरची वृद्ध स्त्री म्हणाली.

त्र्यंबकशास्त्र्यांनी थकून चष्मा उतरवला. वाचकांची हीच नित्याची तक्रार. आधारावाचून ते काही लिहीत नसत, आणि आधार तर वृत्तपत्रांच्या कुलूपबंद संग्रहात. स्वतः वर्गणी भरून वाचलेला लेख इतरांना उतरवून देणे त्यांना चौर्यच वाटे.

“मग भरावी, बाई.”

“मोबाइलवर ते जमत नाही हो मला. त्यातली कीर्तनकार माझी आई. ती गेली तेव्हा मी पाळण्यात होते.”

शास्त्रीबुवांनी चष्मा पुन्हा चढवला. “लेख देणार नाही. पण पुराण ऐकायला पोथी विकत घ्यावी लागत नाही. ऐका.”

त्यांनी सावकाश वाचून संपवले.

“‘आवाज मधाळ होता’... तेवढं पुन्हा वाचता?”

थकल्या गळ्याखाली घोटभर पाणी उतरवून त्यांनी मथळ्यापासून आरंभ केला.